शर्यत वाटून बघायची असते

चोवीस तासांची मोटारशर्यत पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. एका गाडीला चालक तीन, त्यातला एक गाडीत, बाकीचे दोघं विश्रांतीला. मेकॅनिक लोक हेल्मेट न काढताच खुर्चीत डुलकी घेतात. कुंपणाबाहेरच्या प्रेक्षकाच्या वाट्याला तर मार्गाचं एखादंच वळण येतं. बाकी कित्येक किलोमीटरवर काय चाललंय ते त्याला दुसऱ्याकडूनच कळतं. त्यामुळे ही शर्यत एकट्याने बघायची सोयच नाही. चार-पाच जण लागतात, जागरण वाटून घ्यावं लागतं, आणि झोपून उठलेल्याला मधल्या वेळात घडलेलं सगळं सांगावं लागतं. हे पुस्तक त्या सांगण्यातून झालेलं आहे.

लिहिणारी मंडळी अमरावती आणि अकोल्याची. कोणाचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, कोणी आयटीआयमध्ये शिकवतो, एकाच्या घरी जिनिंग, एक जण बँकेत. सगळे मिळून शर्यती बघायला जातात, भांडतात, परत येतात आणि पुढच्या वर्षीचा बेत आखतात. मी त्यांच्यातला नाही. वयाने बराच मोठा आहे, आणि धावणाऱ्या गाडीपेक्षा तिच्याकडे बघणाऱ्या माणसांत मला जास्त रस आहे. कदाचित म्हणूनच प्रस्तावनेचं काम माझ्याकडे आलं असावं. मराठीत कुस्तीवर आहे, क्रिकेटवर तर ढिगाने आहे. मोटारशर्यतीवर मात्र फॉर्म्युला वनच्या बातमीपलीकडे फारसं हाती लागत नाही. दीर्घ पल्ल्याच्या शर्यती तर वाचकाला जवळजवळ परक्याच. तेव्हा आधी थोडी वाट दाखवणं भाग आहे.

मोटारशर्यत जन्मली तीच मुळी दीर्घ पल्ल्याची म्हणून. जून १८९५ मध्ये पॅरिसहून बोर्दो आणि तिथून परत पॅरिस अशी ११७८ किलोमीटरची शर्यत झाली. एमिल लव्हासोर सगळ्यांच्या कितीतरी आधी, ४८ तास ४८ मिनिटांत परतला. वाटेत रुफेक गावी त्याची जागा घ्यायला दुसरा चालक ठरलेला होता. लव्हासोर तिथे ठरल्यापेक्षा इतका लवकर पोचला, की पाळीवाला हॉटेलात गाढ झोपलेला. मग हाच पुढे निघाला आणि जवळजवळ सगळी वाट त्याने एकट्याने ओढली. पहिलं बक्षीस मात्र मिळालं नाही, कारण ते चार आसनी गाडीसाठी होतं आणि याची दोन आसनी. मोटारशर्यतीच्या इतिहासातली ही अगदी सुरुवातीची गोष्ट, आणि तीत पाळी, झोप आणि नियमाची कटकट हे तिन्ही आहेतच.

गावातून गावात जाणाऱ्या या शर्यतींचं पुढे वाईट झालं. १९०३ च्या पॅरिस–माद्रिद शर्यतीत चालकांबरोबर बघेही मेले आणि ती बोर्दोलाच थांबवावी लागली. इटलीतली मिल्ले मिल्या १९२७ पासून चालली होती. १९५७ मध्ये गुइदिझोलो गावाजवळ एका फेरारीचा टायर फुटला, चालक, त्याचा जोडीदार आणि नऊ प्रेक्षक गेले, प्रेक्षकांत पाच मुलं होती. ती शर्यत तिथेच संपली. प्रेक्षक म्हणून या विषयाकडे बघायचं तर हा भाग टाळता येत नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहून बघणं फुकट होतं, पण त्याची किंमत बघणाराच मोजत होता.

दुसरी परंपरा बांधलेल्या वाटेवरची. फ्रान्समध्ये ल मां इथे १९२३ च्या मे महिन्यात पहिली चोवीस तासांची शर्यत झाली. ३३ गाड्या निघाल्या, ३० शेवटपर्यंत टिकल्या, आणि पहिले काही तास पाऊस-गारांनी झोडपून काढलं. गाड्या साध्या प्रवासी बनावटीच्या होत्या. कोणती गाडी विकत घेण्यालायक आहे ते लोकांना दिसावं, हा हेतू. बेल्जियममध्ये स्पा, अमेरिकेत सेब्रिंग आणि डेटोना, जर्मनीत नुरबुर्गरिंग या त्याच घराण्यातल्या. ल मांलाच ११ जून १९५५ ला एक गाडी उडून गर्दीत पडली आणि ८० हून अधिक माणसं मेली. स्वित्झर्लंडने त्यानंतर आपल्या भूमीवर अशा शर्यतींना बंदीच घातली. आज प्रेक्षक आणि मार्ग यांच्यात जी जाळी, जो खडीचा पट्टा, जी उंच भिंत दिसते, तिच्यामागे ही माणसं आहेत. आमच्या दोस्तांपैकी एक जण जाळीवर चिडतो, फोटो नीट येत नाहीत म्हणून. त्याने हा परिच्छेद दोनदा वाचावा.

ल मांच्या इतिहासातले दोन प्रसंग मला फार आवडतात. पूर्वी तिथे चालक रस्त्याच्या एका बाजूला उभे असत आणि इशारा होताच पलीकडच्या गाडीकडे धावत सुटत. घाईत पट्टा कोणी नीट बांधत नसे. १९६९ मध्ये जॅकी इक्स धावलाच नाही. संथ चालत गेला, पट्टा बांधला आणि सगळ्यांत शेवटी निघाला. पहिल्याच फेरीत दुसरा एक चालक अपघातात गेला. चोवीस तासांनंतर इक्सच जिंकला, दुसऱ्या गाडीपेक्षा जेमतेम शंभर-सव्वाशे मीटर पुढे. धावत सुटण्याची प्रथा तिथेच बंद पडली. दुसरा प्रसंग २०१६ चा. टोयोटाची गाडी सगळा दिवस, सगळी रात्र झगडून पुढे होती; शेवटची तीन-साडेतीन मिनिटं उरली असताना तिची ताकद गेली आणि पोर्शे जिंकली. अमरावतीच्या राजापेठेतल्या एका खोलीत ती मोबाइलवर बघत बसलेले तिघं होते. चौथा चहा आणायला खाली गेला होता. तो परत आला तेव्हा कोणी त्याच्याशी बोलेचना, एवढंच त्याला आठवतं. पुस्तकातला त्याचा लेख अवघ्या अडीच पानांचा आहे आणि मला वाटतं तो सर्वांत चांगला आहे.

तिसरी परंपरा रानावनातली: रॅली आणि रेड. पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली १९५३ पासूनची. आपल्याकडे फारसं ठाऊक नाही, पण तिथली सगळ्यांत मोठी नावं भारतीय वंशाची आहेत. जोगिंदर सिंग तीनदा जिंकले, शेखर मेहता पाचदा. डकार रॅली १९७८ च्या डिसेंबरात सुरू झाली. आणि १९६८ मध्ये लंडनहून सिडनीला निघालेली शर्यत तर आपल्या अंगणातून गेली. दिल्लीहून मुंबईपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा माणसांच्या भिंती होत्या. निघालेल्या ९८ गाड्यांपैकी ७२ मुंबईला पोचल्या आणि तिथून जहाजावर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. त्या वेळी मुंबई-पुण्यात कॉलेजात असलेली वऱ्हाडची मुलं आज सत्तरीपुढे आहेत. कोणी पाहिली असेल तर या मंडळींशी जरूर संपर्क साधावा.

भारताचा स्वतःचा हिशेब आखूड आहे. विमानाच्या जुन्या धावपट्ट्यांवर, चेन्नईजवळ शोलावरम इथे आणि मुंबईत जुहूला, शर्यती होत. पुढे चेन्नईजवळ आणि कोइमतूरला पक्के मार्ग झाले, २०११ मध्ये ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आलं. तिथे फॉर्म्युला वन तीन वर्षं झाली, तिन्ही वेळा व्हेट्टल जिंकला आणि मग ती गेली ती गेलीच. पण चोवीस तासांची परंपरा आपल्याकडे रुजली नाही. आपली सहनशक्ती रॅलीत दिसली: रेड द हिमालय, डेझर्ट स्टॉर्म, नाशिकची रॅली ऑफ महाराष्ट्र. नरेन कार्तिकेयन २००९ मध्ये ल मांला अगदी उंबरठ्यापर्यंत पोचला होता, पण शर्यत सुरू व्हायच्या थोडं आधी खांदा निखळला. म्हणून तिथे धावणारा पहिला भारतीय ठरला करुण चंढोक, २०१२ मध्ये, आणि त्याच्या गाडीने थेट सहावा क्रमांक घेतला. मराठी नाव हवं असेल तर पुण्याचे संजय टकले. आशियातल्या रॅली गाजवून ते २०२५ ला डकार क्लासिकमध्ये उतरले.

हे झालं बाहेरचं. वऱ्हाडात काय आहे?

डांबरी शर्यतमार्ग नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण शर्यत बघण्याची सवय मात्र इथे जुनी, आणि ती शंकरपटाने, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीने, लावलेली आहे. धामणगाव रेल्वे तालुक्यातलं तळेगाव दशासर पटासाठी विदर्भभर ओळखलं जातं. तिथे बायाही जोडी हाकतात, आणि ते बघायला लांबलांबून माणसं येतात. आता कोणी म्हणेल, पट तर सेकंदांचा खेळ. जोडी सुटली की डोळ्याचं पातं लवेपर्यंत पल्ला पार, घड्याळ सेकंदाचे तुकडे मोजतं. दीर्घ पल्ल्याशी त्याचा काय संबंध? संबंध बघणाऱ्याच्या बाजूने आहे. पटाला गेलेला माणूस दिवसभरात प्रत्यक्ष धाव बघतो ती काही मिनिटांची, उरलेला सगळा वेळ तो बसून असतो. कोणाची जोडी कुठून आली, धुरकरी कोण, डावा बैल मागच्या साली कुठे बुजला होता, यावर खल चालतो. कोणी शेंगा फोडतो, कोणी बांधावर आडवा होतो, उठला की शेजाऱ्याला विचारतो, "काहून गा, कोणाची सुटली आता?" शेजारी सांगतो, आणि दोन गोष्टी पदरच्या घालून सांगतो. आमची मंडळी पहिल्यांदा मोटारशर्यतीला गेली तेव्हा हे सगळं अंगात मुरलेलं घेऊनच गेली. दिल्लीकडचे प्रेक्षक दोन तासांत कंटाळून स्टॉलकडे वळत होते, तेव्हा हे सतरंजी पसरून बसलेले होते.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह पुन्हा परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. बैलाला त्रास होतो की नाही हा वाद संपलेला नाही, आणि तो संपला असं मी इथे भासवणार नाही. पण मधल्या सात-साडेसात वर्षांत एक गोष्ट घडली. पट बघणारी एक पिढी रिकामी बसली होती, तिच्यातले काही जण मोबाइलवर गाड्या बघू लागले. या पुस्तकाचे दोन लेखक त्यातले.

वऱ्हाडाने स्वतःच्या रस्त्यावर एक दीर्घ पल्ल्याची शर्यत पाहिलीही आहे. फक्त तिला कोणी शर्यत म्हटलं नाही. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती–अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरची एक मार्गिका न थांबता डांबरी करण्यात आली. ३ जूनला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी काम सुरू झालं, ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता संपलं. १०५ तास ३३ मिनिटं. ७२० माणसं, पाळ्या लावून. आधीचा जागतिक विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, पंचवीस किलोमीटरच्या थोडा वर. तो मोडला आणि गिनीजने नोंद केली. जूनचे ते दिवस, अंगाची लाही करणारं ऊन, त्यात दीडशे अंश गरम डांबर. खंड पडला तर सगळं फुकट, म्हणून मिश्रणाचे ट्रक एकामागे एक हजर ठेवावे लागत. माणसं बदलत होती, यंत्रं जागीच इंधन घेत होती, घड्याळ चालू होतं. अकोल्याचा तो सुट्या भागांवाला दुकान बंद करून रात्री जेवणाचा डबा घेऊन तिथे जात असे. "ल मां ल मां काय करता बे, हे पाहा ना," असं तो मित्रांना फोनवर सांगायचा. मला त्याचं म्हणणं पूर्ण पटतं. दीर्घ शर्यतीचं सगळं तंत्र त्या पाच दिवसांत उघडं पडलं होतं.

आणि खरी शर्यत बघायची तर पिथमपूर. अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, धारणी असं मेळघाट उतरत खंडव्यावरून इंदूर गाठायचं, पुढे औद्योगिक वसाहतीत गाड्यांच्या चाचणीचं मोठं केंद्र आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची 'बाहा' स्पर्धा २००७ मध्ये तिथेच सुरू झाली. देशभरातल्या महाविद्यालयांच्या चमू येतात, विदर्भातल्याही. सगळ्यांना एकाच प्रकारचं साधारण दहा अश्वशक्तीचं इंजिन. बाकी नळ्यांचा सांगाडा, सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग सगळं पोरांनी स्वतः रचलेलं आणि कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये वेल्ड केलेलं. आधी तपासणी. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं एकदम अडकली नाहीत तर शर्यतीत पायच ठेवता येत नाही. कित्येकांचं वर्ष तिथेच संपतं. मग शेवटच्या दिवशी चार तासांची एन्ड्युरन्स. उंचवटे, खड्डे, ओंडके, चिखल. चार तासांत सर्वांत जास्त फेऱ्या ज्याच्या, तो पुढे.

ल मांला गेलेल्यांना हे पोरखेळ वाटेल. मला उलट वाटतं, नवख्याने सुरुवात इथूनच करावी, कारण इथे प्रत्येक बिघाड डोळ्यांना दिसतो. पुस्तकातल्या एका लेखात दुसऱ्या तासाचं वर्णन आहे. एका चमूची बग्गी चढावर थांबते. पुढचं डावं चाक आत वाकलेलं, म्हणजे सस्पेन्शनचा हात वेल्डपाशी तुटलेला. ट्रॅक्टरने ओढून ती दुरुस्तीच्या जागेत आणतात. चार पोरं तिच्याभोवती, पाचवा पाना शोधतोय, सहावा नुसताच "लवकर, लवकर" ओरडतोय. कुंपणाबाहेर त्यांच्या वर्गातली मुलं. त्यातली एक मुलगी वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक गाडीच्या फेऱ्यांच्या उभ्या रेघा ओढत बसलेली. दर मिनिटाला आत ओरडून सांगते, आपल्यापुढचे किती झाले, मागचे किती झाले. दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागतात. तेवढ्यात तिच्या वहीत बाकीच्यांच्या रेघा वाढत जातात आणि एका ओळीत काहीच वाढत नाही. ती तरी आकडे सांगणं थांबवत नाही. पोरं गाडी पुन्हा बाहेर काढतात, जिंकण्याचा प्रश्न कधीच संपलेला असतो, पण चार तास संपताना गाडी चालती असली पाहिजे एवढाच हट्ट. ही स्पर्धा हिवाळ्याच्या शेवटाला येते, म्हणजे इकडे पटाचे दिवस असतात तेव्हा. निवड करताना मित्रांत दरवर्षी भांडण होतं.

आत्ताच हे पुस्तक का, याचं उत्तर दोन तुकड्यांत आहे. एक तर आता घरबसल्या जगातली कुठलीही शर्यत थेट दिसते. पण दिसणं आणि कळणं वेगळं. ल मांला एकाच वेळी तीन वर्गांच्या गाड्या धावतात, म्हणजे एका रस्त्यावर तीन शर्यती. पडद्यावर पुढे दिसणारी गाडी पुढे असेलच असं नाही. इंधन कोणी केव्हा घेतलं, टायर कोणाचे जुने झाले, पहाटेच्या गारव्यात कोणाचा वेग वाढला, हे सांगणारं कोणी शेजारी लागतं. मराठीत असा शेजारी आजवर नव्हता.

दुसरा तुकडा समृद्धी महामार्गाचा. तो अमरावती जिल्ह्यातून जातो, धामणगाव तालुक्यातूनच. सरळ, रुंद रस्ता मिळाला की पोरांच्या हातात वेग येतो, आणि रात्री तिथे पैजा लागतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. नुसतं "हळू चालवा" म्हणून काही होत नाही. ज्या पोराने एकदा तपासणीच्या रांगेत ब्रेक नापास होताना पाहिला, आग विझवणारा माणूस दर वळणावर उभा पाहिला, त्याला शर्यत आणि माज यातला फरक दाखवावा लागत नाही. ही मंडळी स्वतः महामार्गावर किती सभ्यपणे गाडी चालवतात याची हमी मी देत नाही. धारणीच्या घाटाचा एक लेख वाचून तर माझा जीव टांगणीला लागला होता.

पुस्तकाचा आवाका मोठा नाही आणि तसा दावाही नाही. हा मोटारशर्यतींचा इतिहास नव्हे, तांत्रिक मार्गदर्शकही नव्हे. एकच शर्यत वेगवेगळ्या जणांनी लिहिलेली इथे पुष्कळदा सापडेल, आणि त्यांची वर्णनं एकमेकांशी जुळत नाहीत. संपादनाच्या वेळी ती जुळवून घ्यावीत असं एकाने सुचवलं होतं. मी विरोध केला. पहाटे चारला जागा असलेल्याने पाहिलेली शर्यत आणि सकाळी आठला उठलेल्याने ऐकलेली शर्यत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि वाचकाला दोन्ही मिळायला हव्यात. भाषेवरही मी हात फिरवू दिला नाही. जिथे वऱ्हाडी आली तिथे ती राहू दिली आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला दोन पानं अडेल, मग अडणार नाही.

एक उणीव मात्र स्पष्ट सांगायला हवी. तळेगावच्या पटात जोडी हाकणाऱ्या बायांबद्दल इथे कौतुकाने लिहिलं आहे, वहीत रेघा ओढणाऱ्या त्या मुलीबद्दलही. पण या पुस्तकात एकाही बाईने लिहिलेला मजकूर नाही. मित्रांचं टोळकं म्हणजे पुरुषांचं टोळकं, असं यांनी न बोलता धरून टाकलं. त्या मुलीकडे चार तासांचा जेवढा पक्का हिशेब होता तेवढा आतल्या चमूकडेही नव्हता, आणि तरी तिचं पान कोणी मागितलं नाही. दुसऱ्या आवृत्तीत हे सुधारलं नाही तर प्रस्तावना दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यावी, असं मी लेखकांना कळवून ठेवलं आहे. वऱ्हाडातल्या ज्या मुली, ज्या बाया पटाला, पिथमपूरला, नाशिकला किंवा आणखी कुठे शर्यत बघून आल्या असतील, त्यांनी आपलं लिखाण प्रकाशकाच्या पत्त्यावर जरूर पाठवावं. दोन पानं असली तरी चालतील.